गाठी मोजायची डबी

ये गं पोरी, अशी माझ्याजवळ येऊन बस. सध्या कागदावरच बस, कारण प्रत्यक्ष यायचं तर तू नावच काढत नाहीस. नाशिक काय इतकं लांब आहे? दर रविवारी फोन करतेस, ‘मावशी, ताई कशी आहे’ म्हणतेस, मी ‘बरी आहे’ म्हणते, तू ‘बरं’ म्हणतेस, झालं. आणि परवा काय विचारलंस, तर ‘मावशी, तो गाठीचा काय प्रकार होता, कॅन्सर होता का?’ असं भाजीचा भाव विचारल्यासारखं विचारतात का? त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढ्यात मावत नाही. त्या उत्तरात आमचे डॉक्टर येतात, आणि ते एकदा आले की लवकर उठत नाहीत. म्हणून लिहायला बसले. माझं शिक्षण चौथीचं, बाकीचं सगळं ताईच्या फायली वाचून शिकले, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

डॉक्टरांचा दवाखाना शहाद्यात, पिठाच्या गिरणीला लागून. गिरणी सुरू झाली की बोललेलं ऐकू यायचं नाही. मग डॉक्टर हात वर करून सगळ्यांना थांबवायचे आणि गिरणी थांबेपर्यंत पेशंटच्या तोंडाकडे बघत बसायचे. कुणी म्हटलं की साहेब, जागा बदला, तर म्हणायचे, माणूस गप्प बसला की त्याचा चेहरा बोलतो, मला ते फुकट मिळतं.

अंगानं काटकुळे, नेहमी पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या दोन्ही खिशांत काचेची एकेक छोटी बाटली. लोक पेन ठेवतात तिथे यांच्या बाटल्या. त्या कशाला, ते पुढे सांगते.

चहाची त्यांची एक गंमतच होती. तासातासाला समोरून स्टीलच्या ग्लासात चहा यायचा, पण त्यांनी घोट घेतलेला मी कधी पाहिला नाही. तो ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसायचे. हात ऊन झाले की मगच पेशंटच्या मानेला, काखेला लावायचे. थंड हात लावला की माणूस आखडतो आणि आखडलेल्या माणसाची गाठ लपते, असं त्यांचं म्हणणं. आणि तो निवलेला चहा पुढच्या पेशंटला देऊन टाकायचे. मीच असा किती वेळा प्यायले असेन.

रिपोर्ट घेऊन गेलं की ते उघडायचे नाहीत. घ्यायचे आणि सरळ खुर्चीवर ठेवून त्यावर बसायचे. आधी बोटांनी तपासणार, शंभर प्रश्न विचारणार, आपल्या वहीत लिहिणार, आणि सगळ्यात शेवटी उठून तो रिपोर्ट वाचणार. एकदा सुरतहून आलेल्या कुणाचा मोठा एक्स-रे होता, त्यावरही बसले. तो माणूस चिडला, तर डॉक्टर म्हणाले, फोटो कुठे पळून जात नाही, तुम्ही मात्र पाच मिनिटांत जाल.

टेबलावर एक जुनी पितळी डबी असायची, पाच खणांची, सुपारीची असते तशी. एका खणात मूग, मग हरभरा, मग शेंगदाणा, मग वाळलेलं गावठी बोर, आणि शेवटी अख्खी सुपारी. हाताला गाठ लागली की दुसऱ्या हातानं डबीतला एकेक दाणा चाचपत बसायचे आणि वहीत लिहायचे, ‘मान, डावी बाजू, शेंगदाणा, हलते, दुखते.’ मग बॉलपेननं कातडीवर गाठीभोवती गोल काढायचे आणि बाजूला तारीख. पुढच्या खेपेला गाठ गोलाच्या आत आहे की बाहेर, ते बघायचे. आमच्या गल्लीतल्या मास्तरांच्या मानेवर असा गोल होता. शर्टाच्या कॉलरबाहेर तारीख दिसायची आणि पोरं फळ्यावर आजची तारीख लिहिताना आधी मास्तरांची मान बघायची.

अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातली माणसंही त्यांच्याकडे यायची. त्यांच्याशी भिलीत बोलायचे, त्यांच्या शेळ्यांची चौकशी करायचे, कोणती आजारी आहे, कुणी कापली, दूध कच्चं प्यायलात का. लोकांना वाटायचं, डॉक्टर गप्पिष्ट आहेत. पण त्या गप्पा नव्हत्या. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, आपल्या अहिराणीत म्हणायचे:

“गाठले नाव मांगून देऊ. पहिले तिना शेजार देखू.”

म्हणजे गाठीला नाव नंतर देऊ, आधी तिचा शेजार बघू. गाठ ही चौकीतल्या शिपायासारखी. मानेतली असेल तर दात, घसा, डोकं बघा. काखेतली असेल तर हात बघा. शिपाई का धावला, ते गल्लीत जाऊन विचारा, शिपायालाच काय बडवता.

आता ताईचं सांगते.

माझी डावी किडनी माझ्या या लेकीला बसवली, ते तुला ठाऊक आहे. सुरतेहून आलो तेव्हा तिकडच्या डॉक्टरांनी पथ्याचे कागद दिले होते. मी ते इतक्या वेळा वाचले की घड्या फाटल्या. तिच्या गोळ्यांचं काम असं की, शरीर परकी किडनी हाकलून देऊ नये म्हणून शरीराची राखणच त्या झोपवून ठेवतात. राखणदार झोपलेला, म्हणजे कुणीही शिरणार. म्हणून कच्चं नको, गर्दी नको, जनावर नको. आणि तिसऱ्या पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, अशा माणसांना गाठींचा एक प्रकारचा कॅन्सर होऊ शकतो, गाठ दिसली तर लगेच कळवा. ते वाक्य मला पाठ होतं. देवाचं नाव घेतानासुद्धा मधेच आठवायचं.

मग मी घराची पोलीस झाले. चपला ओट्याखाली, हात साबणानं, पाहुणे ओट्यावरच. ताई लोणखेड्याला कॉलेजच्या लायब्ररीत परत कामाला लागली तरी मास्क, वेगळा डबा, सगळं माझ्या नजरेखाली. तुला आठवत असेल, तू द्राक्षाची पेटी घेऊन आली होतीस आणि मी तुला दारातूनच परत पाठवलं होतं. त्याकडे शेवटी येते.

दोन वर्षं छान गेली. मग एक दिवस ताई केस विंचरताना म्हणाली, हात वर केला की काखेत दुखतं. मी हात घातला तर गाठ. आतल्या बाजूनं कोपराच्या वर आणखी एक, लहान. संध्याकाळी ताप. पोरी, माझ्या पोटात जिथे किडनी नाही ना, तिथेच कळ उठली.

सुरतेची तारीख चार दिवसांनी मिळाली. तोवर घरात सगळे डॉक्टर झाले. माझे दीर पूर्वी एका दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यांनी सांगून टाकलं की आपल्याकडे गाठ म्हणजे टीबी, उद्यापासून गोळ्या चालू करू. नणंद पदर डोळ्याला लावून बसली, तेवढ्यात मला कळलं तिच्या मनात काय आहे ते. मी ताईला घेऊन पिठाच्या गिरणीशेजारी गेले.

डॉक्टरांनी फाइल घेतली, तिच्यावर बसले. चहा आला, हात शेकले. काखेत बघितलं, डबी उघडली. सुपारी. कोपराची गाठ, बोर. दोन गोल काढले, तारखा घातल्या. मग म्हणाले, किडनी बसवलेल्या माणसाची गाठ तीन घरची असू शकते. टीबीची, त्या राखण झोपवणाऱ्या गोळ्यांमुळे होणाऱ्या कॅन्सरची, नाहीतर एखाद्या भलत्याच जंतूची. आणि तिन्हींचे उपाय एकमेकांना काटतात. टीबीच्या औषधातली एक लाल गोळी असते, ती किडनीच्या गोळीचा रक्तातला जोर घालवते. अंदाजानं ती चालू केली आणि टीबी नसलाच, तर किडनी जाईल. दिरांनी मधेच म्हटलं की निदान पंधरा दिवस देऊन बघू. डॉक्टर त्यांच्याकडे न बघता मला म्हणाले:

“माय, किडनी तुन्ही शे ना? मग अंदाजवर फेकी देवानी का?”



मग प्रश्न सुरू झाले. गोळ्या चुकल्या का, वजन किती उतरलं, घरात कुणाला खोकला आहे का, दूध कुठलं, शेतात काय लावलंय, पपई तोडायला ताई गेली होती का. मी धडाधड उत्तरं देत होते. शेवटी त्यांनी ताईचा हात उलटा धरला. मनगटावर दोन-तीन बारीक रेघा होत्या, पुसट झालेल्या. त्यांनी विचारलं:

“घरमा मांजर, कुत्रं, शेळी, काय शे?”

“काहीच नही, डाक्टरसाहेब,” मी म्हटलं.

“मग ह्या रेघा?”

ताई म्हणाली, गुलाबाचा काटा लागला.

डॉक्टरांनी वहीत ‘गुलाब’ लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मला ते उलटं दिसत होतं, तरी नीट दिसलं.

आता तुला खरं सांगते. मांजर होती. शेंगांच्या पोत्यांना उंदीर लागले होते, म्हणून मागच्या खोलीत आली तेव्हा मी हाकलली नाही. आपल्याकडे मांजर कुणी आणत नाही, तीच येते, तीच जाते, पिल्लं घेऊन सात घरं हिंडते. तिनं गोधड्यांच्या चळतीत तीन पिल्लं घातली. आणि दोन वर्षं जिला मी हसायला सुद्धा मास्क लावायला लावला, ती माझी पोर त्या पिल्लांना ओढणीला लोंबकळून चढताना पाहून जी हसायची, ते मला बंद करवलं नाही. जनावर नको, हे मीच तिला शंभरदा वाचून दाखवलेलं, आणि जनावर मीच ठेवलेलं. दिरांसमोर, नणंदेसमोर ते कसं सांगणार? शिवाय मला वाटायचं, मांजरीचा आणि गाठीचा काय संबंध? मांजरीनं फार तर दमा होतो, असं मी ऐकलेलं.

सुरतेला सुईनं गाठीतलं पाणी काढलं. टीबीच्या मशीनवर काही आलं नाही, कॅन्सरचंही नक्की काही सांगता येईना. तेव्हा काखेतली गाठ अख्खी काढायची ठरलं. आमचे डॉक्टर म्हणाले, मी येतो. तिथल्या डॉक्टरांशी त्यांचं रोज फोनवर बोलणं चालूच होतं. सकाळच्या गाडीनं निघाले, खिशात दोन बाटल्या, आणि नंदुरबार गेल्यावर त्यांनी मला त्या बाटल्यांची गोष्ट सांगितली.

एकीत उग्र वासाचं औषध, ज्यात घातलेला तुकडा सडत नाही. तो तुकडा दुर्बिणीखाली बघून कॅन्सर आहे का ते कळतं. पण त्या औषधात जंतूही मरतात, मग कोणता जंतू होता ते कायमचं कळेनासं होतं. म्हणून दुसरी, नुसत्या सलाइनची. पूर्वी त्यांच्या एका पेशंटची, एका विहीर खोदणाऱ्या माणसाची, काढलेली गाठ सगळीच्या सगळी औषधाच्या बाटलीत गेली. कॅन्सर नाही एवढं कळलं, काय आहे ते कळलं नाही, आणि दुसरी गाठ काढायला तो माणूस राहिला नाही. डॉक्टर त्या दिवशी बाहेर चप्पल काढत होते, म्हणाले, दोन मिनिटं आधी आत गेलो असतो तर. तेव्हापासून सलाइनच्या बाटलीला लाल दोरा बांधायचा आणि दोन्ही खिशात ठेवायच्या. ‘लोकांना अर्धीच गाठ विचारायची सवय असते,’ असं म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.

ऑपरेशनच्या दाराशी ते स्वतः उभे राहिले. आतून सिस्टर बाहेर आली, तिच्या हातात गाठ ठेवायची एकच बाटली, औषधाची. डॉक्टरांनी दारात हात आडवा लावला. ती म्हणाली, बाबा, बाजूला व्हा. हे म्हणाले, बाबा होतोच, पण लाल दोऱ्याची बाटली आत पाठव आणि सर्जनसाहेबांना सांग, गाठ औषधात पडायच्या आधी तिची एक फोड यात टाका. आतून सर्जन हसल्याचा आवाज आला आणि बाटली आत गेली. मी बाकड्यावर बसले होते. मला हसू आलं नाही. मी गुलाबाच्या प्रश्नचिन्हाकडे बघत होते, ते मला भिंतीवर दिसत होतं.

आठवडा गेला. तो कसा गेला, ते विचारू नकोस. ताई शांत होती, पिल्लांना हात लावत नव्हती, आणि माझ्याकडेही बघत नव्हती.

मग एके दिवशी दुपारी डॉक्टर स्कूटरवरून घरी आले. ते कुणाच्या घरी जात नसत. ओट्यावर बसले. सगळे धावले, दीर, नणंद, ताई. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीचा रिपोर्ट आला. कॅन्सरच्या पेशी नाहीत. टीबीसारखंही दिसत नाही. गाठीत पुवाचे कोपऱ्या-कोपऱ्यांचे ठिपके आहेत, चांदण्यांसारखे. असं चित्र जिथे दिसतं, तिथे बघणारा एकच गोष्ट विचारतो. ती काय, ते त्यांनी सांगितलं नाही. वाटीभर दूध मागितलं.

मला वाटलं, चहा नको असेल, दूध पाहिजे असेल. मी आणून दिलं. त्यांनी वाटी उंबऱ्याशी ठेवली, घरातल्या बाजूला, आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसले. दीर एकदा वाटीकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते.

पोरी, मी ती वाटी किती वेळ बघितली कोण जाणे. मला वाटलं, आता ती येईल, आणि तिच्या मागे तीन. आणि मग सगळ्यांना कळेल, आणि मी बोललेच नव्हते हे उरेल. ती यायच्या आधी मला बोलायचं होतं.

“डाक्टरसाहेब,” मी म्हटलं, “मी तुमले खोटं सांगं. मांजर शे. तीन पिल्ला शेतस. मीच ऱ्हाऊ दिधात.”

दीर काहीतरी म्हणायला लागले, तर डॉक्टरांनी गिरणी सुरू झाल्यावर वर करायचे तसा हात वर केला. मग मला म्हणाले:

“तू खोटं नही बोलनी, माय. तू घाबरनी.”

ताई माझ्याजवळ येऊन बसली. तिनं माझा हात धरला तेव्हा मला कळलं की माझे हात थंडगार पडलेत.

आणि ऐक, मांजर आलीच नाही. दूध साय धरेपर्यंत तसंच होतं. आदल्याच दिवशी तिनं पिल्लं शेजारच्या कापसाच्या खोलीत हलवली होती, तिचं दुसरं घर सुरू झालं होतं. मी गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं. डॉक्टरांना हे समजलं तेव्हा ते इतके हसले की ठसका लागला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांना चहा पिताना पाहिलं.

मग सांगितलं. मांजरीच्या पिल्लांच्या पिसवांतून एक जंतू नखांवर येतो, ओरखड्यातून माणसात शिरतो. तुझ्या-माझ्या हाताला लागला तर बहुतेक एखादी गाठ येते आणि जाते. ताईसारखीला तो यकृतापर्यंत पोचू शकतो, म्हणून बरं झालं वेळेत कळलं. जंतूचं नाव माहीत असलं की नेमकं काय शोधायचं ते सांगता येतं. लाल दोऱ्याच्या बाटलीतल्या फोडीवर तीच तपासणी करायला सांगितली, आणि तोच निघाला. बाटली एकच असती तर इतक्या खात्रीनं सांगता आलं नसतं. सुरतेच्या डॉक्टरांनी किडनीच्या गोळीशी न भांडणारं औषध निवडलं, काही आठवड्यांचं. पोटाची सोनोग्राफी केली, तिथे काही नव्हतं.

गुलाबाबद्दल ताईला मात्र बोलणी बसली. तुला आईला वाचवायचं होतं, म्हणाले, पण तिची किडनी तुझ्यात आहे, म्हणजे तू तिलाच बुडवत होतीस. ताई मान खाली घालून हसत होती.

जाताना पितळी डबी माझ्या हातात दिली. कोपराची गाठ काढलेली नव्हती, ती मी दर रविवारी मोजायची. मी चहाच्या ग्लासानं हात शेकायचे आणि मोजायचे. आधी बोर. मग शेंगदाणा. शेंगदाणा दोन रविवार तसाच राहिला, तेव्हा मला जेवण गेलं नाही. मग हरभरा. मग एका रविवारी मी मूग चाचपला, तिचं कोपर चाचपलं, परत मूग, परत कोपर. ताई म्हणाली, “माय, आते बस कर, कातडी निंघी जाई.” काही नव्हतं तिथे. मी डबी मिटली आणि मागच्या खोलीत जाऊन मनसोक्त रडले, त्याच गोधड्यांवर.

मांजर आणि पिल्लं डॉक्टरांनी नेली. म्हणाले, मी काही गोळ्या खात नाही, मला ओरखडा चालतो. टोपली स्कूटरला बांधली, पण रस्त्यात झाकण उघडलं आणि बाजारात चार जण मांजरी पकडताना सगळ्या शहाद्यानं पाहिलं. पिल्लं तीन पेशंटांना दिली. मांजर दवाखान्यात राहिली, वजनकाट्यावर झोपायची. तिला उठवायचं नाही म्हणून कितीतरी जणांचं वजन त्या वर्षी अंदाजानंच लिहिलं गेलं, एवढा एक अंदाज त्यांनी चालवून घेतला.

पुढे त्यांची बोटं थरथरायला लागली. एक दिवस मला डबी घेऊन बोलावलं, तिच्यासमोर बसले, डोळे मिटले, दाणे चाचपले, आणि हरभऱ्याला मूग म्हणाले. डोळे उघडून बघितलं, आणि त्याच संध्याकाळी पाटी उतरवली. आता बडोद्याला मुलीकडे असतात, मांजर बरोबर नेली आहे. डबी देऊ केली तर म्हणाले, तुझी बोटं चांगली आहेत, तूच ठेव. अजून फोन येतो. ‘कशा आहात’ विचारत नाहीत. विचारतात, कोण आलं होतं, काय खाल्लं, कुठे खरचटलं. आणि मी सगळं सांगते, लपवत काही नाही.

परवा त्यांनी विचारलं, तुझी ती द्राक्षवाली भाची येते का? मी म्हटलं, नाही येत. तर म्हणाले, का?

आता हे लिहिताना कळतंय, पोरी, की पत्राच्या सुरुवातीला तुला रागावले ते चुकलंच. दारातून परत मीच पाठवलं होतं. माणसांना ओट्यावर थांबवलं आणि मांजरीला गोधडीवर झोपवलं, असा माझा शहाणपणा. ताई बरी आहे, म्हणजे खरोखर बरी आहे. लायब्ररीतून येते, हात धुते, माझ्याशी भांडते.

तेव्हा आता उशीर करू नकोस. द्राक्षाची पेटी घेऊन ये, आपण मिठाच्या पाण्यानं नीट धुऊन सगळ्याजणी खाऊ. आलीस की नळावर हात धू, आणि ओट्यावर थांबू नकोस, सरळ आत ये. चहाचा ग्लास मी तयार ठेवते. हात ऊन कर आणि ताईचं कोपर तुझ्या बोटांनी चाचपून बघ. कॅन्सर होता का, ते मला विचारायची गरज पडणार नाही. लवकर ये.